बर्फावरचा छर्रा

फोन आला तेव्हा मिस्त्री चहा टाकत होता. एका कपाचं पाणी अंदाजाने घेणं त्याला आठ महिन्यांत जमलं नव्हतं. रोज दीड कप व्हायचा आणि अर्धा मोरीत जायचा.

संस्थेचे संचालक बोलत होते. "राग मानू नका, पण विचारावं लागतंय. मॅडम प्रयोगशाळेतलं काही घरी आणायच्या का?"

"कागद आणायची. डोकेदुखी आणायची. का?"

"तीन नंबरच्या फ्रीझरमधून सतरावा डबा गायब आहे."

मिस्त्रीने गॅस बंद केला. सतरावा डबा म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायला नको होतं. त्याची बायको विषाणूंवर संशोधन करायची. आधी कितीतरी वर्षं कावीळ, मग खोकल्याची साथ आली म्हणून चार वर्षं फुप्फुसांचे विषाणू, आणि पुन्हा कावीळ. एका वस्तीत काविळीने माणसं जाऊ लागली तेव्हा तिने घरोघर फिरून रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांत तिला विषाणूचा नवा प्रकार सापडला. त्यावरचा तिचा निबंध छापून आला आणि महिन्याभरात ती गेली. ते सगळे नमुने सतराव्या डब्यात होते.

"त्यातल्या दहा नळ्या मी मध्यंतरी दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवायला लावल्या," संचालक म्हणाले. "त्यांना काही मिळालं नाही. परवा समिती येतेय, अख्खा डबा तपासायला. आता डबाच नसेल तर निबंध मागे घ्यावा लागेल."

"म्हणजे ती खोटं बोलली."

"मी तसं म्हणत नाही."

"तुम्ही नाही. परवा म्हणतील." मिस्त्रीने चपला शोधल्या. "मी येतो. तीन नंबर मीच बसवलाय."

त्याचा सगळा जन्म फ्रीझर दुरुस्त करण्यात गेला होता. बायकोची ओळखही त्यातूनच झाली. त्या दिवशी ती दोन तास त्याच्या डोक्यावर उभी होती. एकच प्रश्न विचारत होती, "मी नसताना हा बंद पडून परत चालू झाला, तर मला कळणार कसं?" त्याने तिला एक साधी युक्ती सांगितली. नळीत पाणी गोठवायचं आणि बर्फावर पोलादी छर्रा ठेवायचा. बर्फ वितळला की छर्रा तळाला जातो. नंतर कितीही गोठवा, तो वर येत नाही. तेव्हापासून तिच्या प्रत्येक डब्याच्या कोपऱ्यात अशी एक नळी असायची. संस्थेत लोक हसायचे. म्हणायचे, बाईंनी नवरा कोपऱ्यात ठेवलाय.

संस्थेच्या दारात ताई भेटली. बायकोची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता तिच्या जागेवर काम करणारी. दर रविवारी अकरा वाजता ती मिस्त्रीकडे यायची, चहा प्यायची, आणि दोघं गेलेल्या माणसाबद्दल बोलायची. मिस्त्रीच्या घराची बेल दुसरं कुणी वाजवत नव्हतं.

"काका, तुम्ही कशाला आलात या भानगडीत?" तिचे डोळे सुजलेले होते.

"घरी बसून काय करू? तू जेवलीस का?"

ती वळून पुढे चालू लागली.

फ्रीझरच्या खोलीत पाच यंत्रं घुमत होती. कानाला तो आवाज ओळखीचा वाटला आणि मिस्त्रीला जरा बरं वाटलं.

शेजारच्या विभागाचे डॉक्टर हात बांधून उभे होते. खोकल्याच्या विषाणूंवर काम करतात म्हणून सगळे त्यांना खोकलेवाले म्हणत.

"माझ्यावर संशय असणारच," ते म्हणाले. "जागेसाठी मी मॅडमशी भांडलोय. त्या म्हणायच्या, तुमचे खोकले तुमच्याकडे ठेवा."

"डबा नष्ट करायला किती वेळ लागतो?"

"वाफेच्या यंत्रात टाकला की अर्धा तास. रोजचा कचरा तिथेच जातो."

"मग चोराने तेच केलं असेल."

"यंत्राच्या वहीत प्रत्येक फेरी लिहिलेली असते. जास्तीची एकही नाही. मीच पाहिलं."

"कशाला पाहिलंत?"

खोकलेवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. "मॅडमचं काम खरं होतं, मिस्त्री. भांडायला बरोबरीचं माणूस लागतं. आता ते नाही."

म्हणजे डबा नष्ट झालेला नव्हता. ज्याने नेला त्याला तो नको होता, पण नष्टही करवत नव्हता.

मिस्त्री फ्रीझर सांभाळणाऱ्या नानांकडे वळला. "शोध कुठे कुठे घेतलात?"

"एक ते चार. डबा न् डबा बाहेर काढून."

"गोल कागद आणा बघू. वर्षभराचे."

"चोर कागदावर सापडणार होय?"

"चोर नंतर. आधी मला सांगा, दुसऱ्यांना त्या नळ्यांत काही का मिळालं नाही? थंडी टिकली होती का?"

प्रत्येक फ्रीझरवर एक गोल कागद फिरतो. आठवड्याला एक फेरी. पेन त्यावर तापमानाची रेघ काढतं. दार उघडलं की पेन दचकतं आणि रेघेला दात येतो. सोमवारी कागद बदलायचा. नानांनी गठ्ठा ठेवला आणि मिस्त्री तीन नंबरचे कागद एकेक करून पाहू लागला. दात, दात, दात. मग एक कागद आला, ताटाच्या काठासारखा गुळगुळीत.

"नाना, दार उघडल्याची वही बघा. या आठवड्यात तीन नंबर किती वेळा उघडला?"

नानांनी बोट फिरवलं. "नऊ."

"नऊ वेळा दार उघडलं आणि पेन एकदाही दचकलं नाही?"

"आता तुम्ही म्हणता तेव्हा... मी रजेवर होतो हो. डोळ्याचं ऑपरेशन."

"तुमच्या रजेत कागद कोण बदलायचं?"

"ताई. अजून कोण आहे?"

मिस्त्रीने कागद उलटून तारीख वाचली आणि तो स्टुलावर बसला. तो आठवडा त्याला पाठ होता.

"असा सरळ कागद कुठल्या फ्रीझरचा येतो?" त्याने विचारलं.

"पाच नंबरचा. तो घरजावई आहे आमचा. नुसता वीज खातो, काम काही नाही. दुसरा बिघडला तर डबे हलवायला एक रिकामा चालू हवा, असा बाईंचा दंडक. कोण उघडतंय त्याला."

"त्या आठवड्याचा पाचचा कागद कुठाय?"

गठ्ठ्यात तो नव्हता. मिस्त्री उठून पाच नंबरसमोर गेला. फिरत्या कागदावर सरळ रेघ होती, आणि तिच्यावर एकच दात. काल दुपारी एकचा.

त्याने दार उघडलं. सतरावा डबा सगळ्यात खालच्या खणात होता. त्याने हातमोजा चढवून कोपऱ्यातली नळी उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिली आणि परत जागेवर ठेवली.

"सापडला की," नाना म्हणाले. "मग तोंड असं का?"

डबा नुसता सापडून भागणार नव्हतं. समितीने तो तपासला असता तर त्यातही काही मिळालं नसतं, आणि बायको कायमची खोटी ठरली असती. ते टाळायचं तर एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर मिस्त्रीचं रविवारचं माणूस उभं होतं.

तासाभराने सगळे संचालकांच्या खोलीत बसले. मिस्त्रीने टेबलावर तो गुळगुळीत कागद ठेवला.

"हा तीन नंबरच्या नावाने लावलेला आहे, पण आहे पाच नंबरचा. तीनचा खरा कागद कुणीतरी काढून टाकला. का? तर त्यावर दात नव्हता, डोंगर होता. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत तीन नंबरचं दार नीट लागलेलं नव्हतं. सतरावा डबा होता त्या वरच्या खणातलं सगळं वितळलं. भोंगा वाजला असेल, पण ऐकायला इमारतीत कुणी नव्हतं."

"कशावरून?" संचालकांनी विचारलं.

"कोपऱ्यातल्या नळीवरून. छर्रा तळाला आहे."

खोकलेवाले पुढे सरकले. "म्हणजे दुसऱ्यांना पाठवलेल्या नळ्या वितळून पुन्हा गोठलेल्या होत्या. त्यांत काविळीचा विषाणू सापडणारच नाही. मॅडमची चाचणी त्याच्या आधीची. त्यांचं काही चुकलेलं नाही."

"दार कुणी उघडं टाकलं?" संचालक म्हणाले.

मिस्त्रीने टेबलाच्या कडेवर बोट दाबून धरलं. "त्या शनिवारी चार वाजता मी दवाखान्यातून इथे फोन केला होता. म्हटलं, ती तुला बोलावतेय, असशील तशी ये. समोरचं माणूस असेल तसं धावत सुटलं. वीस मिनिटांत पोचलं. अंगावर प्रयोगशाळेचा कोट तसाच होता. नानांच्या रजेत कागदही तेच माणूस बदलत होतं."

कुणीच ताईकडे पाहिलं नाही. ती आपणहून बोलली.

"सोमवारी सकाळी पाहिलं तर वरून पाणी ठिबकत होतं. बाई शुद्धीवर आल्या की त्यांना सांगायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत बाई राहिल्या नाहीत. मग कुणाला सांगू?"

"मला सांगायचं," संचालक म्हणाले.

"नोकरी गेली असती, सर."

"आणि डबा? छर्रा वर ठेवला असतास तर कुणाला पत्ताही लागला नसता."

"मग बाई खोट्या ठरल्या असत्या. आणि खाली दिसला असता तर मी सापडले असते. दोन्ही होईना, म्हणून लपवला. वाटलं, डबाच नसला तर प्रश्न तसाच राहील. तुम्ही बाईंवरच घ्याल असं वाटलं नव्हतं. तुम्ही काकांना फोन केलात तेव्हापासून घास उतरलेला नाही."

संचालकांनी तिला सगळं लिहून द्यायला सांगितलं. तिने तिथेच बसून दोन पानं लिहिली. गुरुवारी समितीने ती पानं, तो कागद आणि नळी पाहिली. निबंध मागे घ्यायचा नाही असं ठरलं. ताईची जागा काढून घेतली.

रविवारी अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. मिस्त्रीने बेलचं बटण एकदा स्वतःच दाबून पाहिलं. वाजत होती. मग त्याने घराला कुलूप लावलं.

ताईने दार उघडायला बराच वेळ घेतला. खोलीत पुस्तकं खोक्यांत भरलेली होती.

"काका, माफी मागायला माझं तोंड..."

"माफ करायला आलोच नाही मी. तिच्याबद्दल बोलायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही. चहा टाक."

ती आत गेली. दोन कप घेऊन आली. मिस्त्रीने कप हातात धरला, पण प्यायला नाही.

"त्या शनिवारी तू आलीस आणि मी डॉक्टरांना शोधायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. तेवढ्यात काय बोलली ती तुझ्याशी? आठ महिने विचारायचं धाडस झालं नाही."

ताईने कप खाली ठेवला.

"एकच विचारलं. फ्रीझरचं दार नीट लावलंस ना."

"मग?"

"मी हो म्हणाले, काका. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं."

मिस्त्रीने चहाचा पहिला घोट घेतला.

"बरं केलंस," तो म्हणाला.