डेअरीचा टाइम

बस चुकली असं समजून मी त्या दिवशी रडायच्या बेतात होते. शाळेत शिकवायचा माझा पहिलाच दिवस, मोबाईल बंद पडलेला, सोनईला माझ्या खोलीवर नेणारी एसटी साडेपाचची आणि समोरच्या दूध डेअरीतल्या घड्याळात पाच चाळीस. वेळेच्या बाबतीत मी किती कडक आहे ते संगमनेरला आमच्या घरी कुणालाही विचारा.

"येईल अजून," आतून आवाज आला. हात पुसत एक उंच, सावळा तरुण दारात आला. "घड्याळ पंधरा मिनिटं पुढं हाय, मॅडम. मुद्दाम ठेवलंय."

हा कल्याण, डेअरीत दूध मोजून घेणारा. त्यानं सांगितलं की टँकर पावणेसातला येतो, पण गावाला सातशिवाय दूध आणायचं सुचत नाही. म्हणून चेअरमननी घड्याळच पुढं केलं. त्यात सात वाजले की टँकर हजर. मोबाईल सगळ्यांच्या खिशात असतो, पण दूध घालायचं ते या घड्याळावर. मी म्हटलं, ही तर शुद्ध फसवणूक झाली. तो नुसता हसला... आणि एसटी अगदी वेळेवर आली याचा मला चक्क राग आला.

नववीला मी इंग्रजीतली वेळ शिकवायला घेतली. हाफ पास्ट, क्वार्टर टू म्हटलं की वर्ग पेंगायचा. एकदा मी संस्कृती नावाच्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे धार किती वाजता काढतात?

"कोणत्या टायमानं, मॅडम?" ती गंभीरपणे म्हणाली. "डेअरीच्या का खऱ्या?"

कुणी हसलं नाही, सगळ्यांनाच तो प्रश्न पडला होता. मी फळ्यावर दोन रकाने आखले, एक डेअरीचा, एक खरा. मग काय, अख्खा वर्ग इंग्रजीतून भांडायला लागला. बिफोर आणि आफ्टर त्यांना टँकरवरून जितकं कळलं, तितकं पुस्तकावरून कधीच कळलं नसतं.

मीही डेअरीच्या टायमानं बसला जायला लागले, म्हणजे पंधरा मिनिटं आधी. मोबाईल आता रोज चार्ज असायचा, पण ते कल्याणला कशाला सांगा? तोही कमी नव्हता. मी पोचायच्या आत खुर्ची बाहेर काढलेली असायची, आणि वर भाव असा, की खुर्ची आपली आपण चालत आली.

"पोरांना काय शिकवलं आज?" त्यानं एकदा विचारलं.

"ऑलवेज, युज्वली, समटाइम्स."

"मग तुमी इथं यायचं... यातलं कंचं?"

"ऑलवेज," मी म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत बसले. कानशिलं गरम झाली होती.

त्यातच घरून फोन आला. रविवारी पाहुणे येणार होते, मुलगा पुण्याला इंजिनिअर. जमलं तर नोकरी सोडून तिकडं जायचं. मी ते बुधवारी कल्याणला सांगितलं. त्यानं काहीतरी बोलावं, नको म्हणावं, निदान कपाळाला आठी तरी घालावी, एवढीच माझी इच्छा होती. तो म्हणाला, "बरं." एवढंच. त्या 'बरं'वर मी रात्रभर चिडले.

गुरुवारी सराव घ्यायला मी डेअरीचं घड्याळ मागून वर्गात नेलं. काटे फिरवून फिरवून सगळ्यांकडून वेळ वदवून घेतली. शेवटी मोबाईलवर बघून ते नीट लावलं, अगदी मिनिटाला मिनिट, आणि बसच्या आधी कल्याणच्या हातात दिलं. त्यानं ते भिंतीला टांगलं.

शुक्रवारी वर्गात पाऊल टाकलं तर खव्याचा वास. डबेच्या डबे पेढे. संस्कृतीनं सांगितलं की काल टँकर आला आणि गेला, तेव्हा घड्याळात नुसते पावणेसात होते. निम्मं गाव सातला किटल्या घेऊन पोचलं. मग घरोघरी चुली पेटल्या, खवा आटला, बासुंदी झाली. चेअरमन मात्र कल्याणवर लई तापले. त्यानं सांगितलं म्हणे, 'सेल बदलताना माझ्याच हातून घड्याळ बरोबर झालं.'

हातातला पेढा मी तसाच डब्यात ठेवला. पाच वाजता मी जवळजवळ पळतच डेअरी गाठली.

"चूक माझी होती. तुम्ही तुमच्यावर का घेतली?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी इकडं फिरकला नसता." तो घड्याळाकडे बघत म्हणाला. आता ते परत पंधरा मिनिटं पुढं होतं. "आन चूक माझीच हाय. घड्याळ हातात घेतलं तवा बघायला पायजे हुतं. मी..."

"मी काय?"

"मी तुमच्याकडं बघत हुतो. वाटलं, उद्याचा शुक्रवार झाला की संपलं." त्यानं मान वर केली. "अश्विनी, तुमी मला लई आवडता. परवाच बोलायचं हुतं. पुण्याचा इंजिनिअर म्हणल्यावर तोंडच उघडंना."

किती दिवस थांबले होते मी या एका वाक्यासाठी! डोळे भरून आले, आणि हसूही. त्याच्यासमोरच मी पप्पांना फोन लावला. म्हटलं, त्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवा. दुसरे येतील, सोनईकडचे. पप्पांनी बरेच प्रश्न विचारले. मी म्हटलं, घरी आल्यावर सगळं सांगते.

"रविवारी तुमच्या आईवडिलांना घेऊन या," मी कल्याणला म्हणाले. "चार वाजता."

त्यानं गंभीरपणे विचारलं, "कोणत्या टायमानं?"

"डेअरीच्या."

रविवारी मी साडेतीनपासून खिडकीत होते. आत पप्पा सगळ्यांना सांगत होते, चारची वेळ दिली म्हणजे लोक साडेचारला उगवतात. बरोबर पावणेचारला आमच्या दारात जीप थांबली.