एकोणिसाव्या रांगेतला वास

सांगते, पण हसायचं नाही. विमानात कसलातरी वास आला की आमचा एक नियम असतो. जिला तो पहिल्यांदा आला तिच्या नाकावर विसंबायचं नाही, कारण नाक चटकन सरावतं. दुसऱ्या टोकाकडून कुणालातरी बोलवायचं, ताजं नाक म्हणून. ती सांगेल ते कॅप्टनला कळवायचं.

त्या सकाळी ताजं नाक म्हणजे मी. आणि माझं नाक तर आठ महिन्यांपूर्वीच्या तापातच गेलं होतं. फिनेलसुद्धा कळत नव्हतं. बोलले असते तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं, म्हणून तोंड मिटून होते. नव्या पोरींपुढे एरवी नाकाने कांदे सोलायला मीच पुढे!

केबिनमध्ये आम्ही चौघी, सगळ्या बायका. विमानाच्या मागच्या टोकाला असलेल्या आमच्या आतल्या फोनवरून छोटीचा फोन आला. सगळ्यांत नवी, म्हणून छोटी.

“ताई, एकोणिसाव्या रांगेपाशी काहीतरी जळल्यासारखं... आता मात्र मला येत नाहीये. तुम्ही बघता का?”

गेले. खिडक्या झाकलेल्या, माणसं डुलक्या घेत होती, इंजिनाची एकसुरी घरघर चालू होती. मी लांब श्वास घेतला. काही नाही.

“येतोय?” छोटी कुजबुजली.

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. दीडशे माणसं माझ्या खोट्याच्या भरवशावर झोपली होती.

आणि वास आला... दाढीच्या साबणाचा. बाबांच्या.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी शाळेला निघाले की अर्धवट दाढीनिशी ते गालाला गाल घासायचे, आणि फेस पुसत मी पळायचे. तोच ओला, गार वास. मला रडूच फुटलं. वास हळूहळू वर सरकला. मी टाचा उंचावल्या. सामानाच्या कप्प्यापाशी तो दाटला. झाकणाला हात लावला... चटका बसला.

आत कुणाचीतरी पॉवर बँक धुमसत होती. छोटीने अग्निशामक मारला, मी वर पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि मग कॅप्टनला कळवलं. निभावलं.

उतरल्यावर मी कॅप्टनसमोर उभी राहिले. “साहेब, मला वास येत नाही. आठ महिने लपवलं.”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“तुम्ही कळवायच्या आधीच मागच्या फोनवरून एक गृहस्थ बोलले. वयस्कर आवाज. मला वाटलं, तुमच्यातलेच कुणी...” ते थांबले. “म्हणाले, ‘लवकर उतरायची तयारी ठेवा. आमच्या पोरीला वास येत नाही, तिला रागावू नका. मी तिच्याजवळ उभा आहे.’”