पुढची पांढरी गाडी

मिरजगावला जायचं, दानीएलची गाडी ताब्यात घ्यायची आणि भिंगारला त्याच्या दारात आणून लावायची. काम एवढंच होतं. बहिणीकडं गेला असताना दानीएल पायरीवरून घसरला, हात मोडून घेतला आणि प्लास्टर चढवून एसटीनं घरी आला. गाडी तिकडंच राहिली. आता बहिणीच्या अंगणात काढलेला कांदा पडायचा होता आणि तिचा रोज फोन, की तुझं हे धूड हलव.

दानीएल ती गाडी कुणाच्या हाती देत नसे. सख्ख्या भावालाही त्यानं कधी किल्ली दिली नव्हती. पण आदिनाथ शाळेपासूनचा मित्र.

"तू म्हाताऱ्यासारखी चालवतोस," दानीएल म्हणाला, "म्हणून तुलाच सांगतो."

यात खोटं काही नव्हतं. आदिनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. केडगावहून रोज आपल्या जुन्या पांढऱ्या वॅगन-आरनं जायचा-यायचा. ती गाडी त्याला अंगावर मुरलेल्या सदऱ्यासारखी झाली होती. कुठं खडखडते, कधी डावीकडं ओढते, चढाला कुठल्या गिअरमध्ये धापा टाकते, सगळं त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. बायको, सुकन्या, चेष्टा करायची, "तुम्ही गाडी चालवतच नाही. तीच तुम्हाला कामावर सोडून येते."

तो एसटीनं मिरजगावला उतरला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दानीएलच्या बहिणीनं, स्टेलानं, चहा दिला. किल्ली हातात ठेवताना ती जरा घुटमळली.

"भाऊ, एक इचारू? ही गाडी बंद असली तरी सुस्कारा टाकती का?"

"सुस्कारा?"

"दुपारची. समदं सामसूम असलं की. मला वाटलं मांजर असंल. दोनदा वाकून बघितलं. कोनी न्हाई."

आदिनाथ हसला. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा, पाय काढला की उरलेली हवा बाहेर पडते, तोच हा आवाज, असं त्यानं तिला समजावलं. स्टेलानं मान हलवली. पण त्याला आतून ठाऊक होतं, की इंजिन चालू असल्याशिवाय ती हवा भरतच नाही.

गाडी काळी, जमिनीला पोट टेकवून बसलेली. मागची सीट दानीएलनं काढूनच टाकली होती. पुढच्या सीटा अशा खोल, की एकदा बसलं की दोन्ही बाजूंनी कुणी मिठीत धरल्यासारखं व्हावं. क्लच दगडासारखा. चालू केली तशी छातीत घरघर भरली आणि स्टेलाच्या कोंबड्या भिंतीकडं पळाल्या.

हायवेला लागल्यावर त्यानं भीतभीतच पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. त्याच्या गाडीचं कसं, पाय दाबला की ती लगेच कण्हत का होईना, निघायची. इथं दाबलं आणि मधे एक रिकामी जागा आली. त्या जागेत गाडी जणू विचार करत होती, की या माणसाचं ऐकावं की नाही. मग कुठूनशी बारीक शिट्टी उठली, काटा वर चढला आणि पाठीत कुणी दोन्ही हातांनी ढकलावं तशी ती सुटली. त्यानं घाबरून पाय काढला. फुस्स... करून सुस्कारा आला.

त्याला हसू फुटलं. वयाला न शोभणारं हसू. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. उसाच्या ट्रॉल्या, मोटारसायकली, कांद्याचे टेम्पो मागं पडत गेले. पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास आत भरला होता आणि तोही बरा वाटत होता. आपण इतकी वर्षं नुसतं सरपटत होतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

घोगरगावच्या पुढं रस्ता मोकळा झाला. तेव्हा ती गाडी दिसली.

पांढरी वॅगन-आर. असल्या गाड्या रस्त्यावर शेकड्यानं. पण हिच्या मागच्या काचेवर पिवळं फूल होतं, त्याच्या लेकीनं, निकितानं, वाकडं चिकटवलेलं. डावा लाल दिवा फुटका, त्यावर लाल चिकटपट्टी. ती पट्टी त्यानं स्वतः लावली होती. आणि खाली नंबर... नंबर त्याचाच होता.

सुकन्या गाडी घेऊन निघाली की काय? पण तिला चालवता येत नव्हती. मग भावाला बोलावलं असेल. पण या रस्त्यानं कशाला? आणि जायचं तर आपल्याला सांगितलं नसतं का?

गाठावी म्हणून त्यानं पाय दाबला. रिकामी जागा, शिट्टी, धक्का. काळी गाडी झेपावली. पण मधलं अंतर तेवढंच राहिलं. त्यानं आणखी दाबलं. काटा त्यानं आयुष्यात न पाहिलेल्या आकड्यांवर गेला, रस्त्यावरच्या तुटक पट्ट्यांची एकच रेघ झाली, आणि जी गाडी ऐंशीला थरथरायला लागते ती पुढं तशीच, निवांत, बाजाराला निघाल्यासारखी चालली होती. त्यानं पाय काढला. सुस्कारा आला. पुढचीही मंद झाली. दोघींच्या मधे दोर बांधावा तसं.

त्यानं फोन स्पीकरवर लावला.

"अहो, पोचलात का?" सुकन्या म्हणाली.

"आपली गाडी कुठंय?"

"कुठं म्हणजे? खाली."

"बघून सांग."

"गॅलरीतच उभी आहे मी, वाळलेले कपडे काढतीय. ही काय समोर. बोनेटवर मांजर झोपलंय. का हो?"

"निकिता?"

"अभ्यासाला बसलीय. देऊ का?"

त्याला नको म्हणायचं होतं. का, ते कळलं नाही. पण तेवढ्यात पुढच्या गाडीत काहीतरी हललं. आत तीन डोकी होती. चालवणाऱ्याचं एक, शेजारी अंबाडा घातलेलं एक, आणि मागं एक लहानसं. ते लहान डोकं वळलं. मागच्या काचेला दोन्ही तळवे टेकवून निकिता त्याच्याकडं बघत होती.

"बाबा," फोनमधून आवाज आला.

काचेमागं ओठ हलले.

"बाबा, तुम्ही कधी येणार?"

काचेमागं ओठ तसेच, त्याच वेळी, हलले.

त्याचा पाय ब्रेकवर कसा गेला ते त्यालाच आठवत नाही. गाडी किंचाळत कडेच्या मातीत जाऊन थांबली. धुरळा उठला. धुरळा खाली बसेपर्यंत पांढरी गाडी बाभळींच्या वळणाआड गेली होती. फोनवर सुकन्या हॅलो हॅलो करत होती. "रेंज नाही," एवढंच तो म्हणाला, फोन ठेवला आणि गाडीतून खाली उतरला.

बांधावर एक म्हातारा शेरडं हाकत होता. तो जवळ आला आणि आदिनाथला आपादमस्तक न्याहाळत उभा राहिला.

"राम राम. भिमाजी म्हनत्यात मला. हितंच वस्ती हाय माजी," तो म्हणाला. मग काहीतरी ताळा न लागल्यासारखा थांबला. "पाव्हनं... तुमी परत कवा आलात?"

"परत?"

"आत्ताच तर पुढं गेलात की. पांढऱ्या गाडीत. मी हात केला, तुमी बी केला. संगं मालकीनबाई हुत्या, पोरगी हुती."

"बाबा, मी या गाडीत होतो. या काळ्या."

म्हाताऱ्यानं काळ्या गाडीकडं बघितलं. एक पाऊल मागं सरला.

"ह्या गाडीत कोनी नव्हतं," तो हळूच म्हणाला. "रिकामीच आली ही. म्या म्हनलं, आता कुठं जाऊन आदळती..."

"आता तर दिसतोय ना मी?"

"आता दिसताय," भिमाजी म्हणाला. पण सांगताना त्यानं हात पुढं करून आदिनाथच्या दंडाला बोट लावून पाहिलं, मग शेरडांना हाक देत मागं न बघता निघून गेला.

पुढचा रस्ता आदिनाथनं बैलगाडीच्या चालीनं कापला. मधूनमधून तो आरसा खाली ओढून आपलं तोंड बघत होता. तोंड होतं. घामेजलेलं, त्याचंच. रुईछत्तीशी गेली, वाकोडी फाटा गेला, पण पांढरी गाडी काही पुन्हा दिसली नाही. कँटोन्मेंटचे दिवे लागताना तो भिंगारला पोचला.

दानीएल गळ्यात हात अडकवून दारातच उभा होता. "कशी वाटली?"

आदिनाथनं किल्ली दिली. जे घडलं ते सांगितलं. हसेल म्हणून वाट बघितली. दानीएल हसला नाही. त्यानं प्लास्टरच्या कडेत बोट घालून खाजवलं.

"पुढं होती, की मागं?" त्यानं विचारलं.

"पुढं."

"मग ठीक आहे." दानीएलनं किल्ली खिशात टाकली. "जेवून जातोस का?"

मागं असती तर काय, हा प्रश्न मनात घेऊनच आदिनाथ निघाला. रिक्षा करून तो घरी आला. निकिता धावत येऊन कमरेला बिलगली, तेव्हा त्यानं तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. सुकन्यानं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. गाडी खाली जागच्या जागी होती, बोनेटवर मांजराच्या पावलांचे ठसे होते, किल्ली खिळ्याला होती. उन्हाचा चटका बसला असेल, असं ठरवून तो झोपला. झोप लागलीही.

सकाळी डबा घेऊन तो कामाला निघाला. बरं वाटत होतं. आपली साधी, खडखडणारी गाडी डोळ्यांपुढं दिसली आणि त्याला भरून आलं. किल्ली लावून दार उघडलं.

आत तीन सीटांचे बेल्ट लावलेले होते. मागच्या सीटवर एक, डावीकडच्या सीटवर एक. ते दोन्ही रिकाम्या सीटवर चपटे पडलेले.

चालवणाऱ्याच्या सीटचा बेल्ट मात्र पडलेला नव्हता. सीटपासून वीतभर वर, हवेत, तो गोलाईनं ताणलेला होता. छातीवरून आणि पोटावरून जावा तसा. आदिनाथनं हात घालून खटक्याचं बटण दाबलं. ते उघडेना.

"बाबा!" वरून, गॅलरीतून, निकितानं हाक मारली.

आदिनाथ वर बघणार, तेवढ्यात तो बेल्ट आणखी थोडा पुढं ओढला गेला. आत बसलेल्या कुणीतरी, काचेतून वर बघायला वाकावं तसा.