बोलून ठेवलेला गोवा

गोवा मोकळा होऊन दोन वर्षं होत आली होती, पण धरमसिंगच्या शाळेतल्या नकाशात तो अजून पोर्तुगालच्याच रंगात होता. नवा नकाशा यायला वेळ लागेल, असं वरून कळलं होतं. तोवर मुलांनी तेवढा भाग आपल्या रंगाचा समजावा, अशी तोंडी व्यवस्था होती. त्याच नकाशावर बोट ठेवून आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचं ठरवलं.

मी जफर. ढाणकीत आमचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान अब्बांचं, मेहनत माझी आणि मर्जी इंजिनाची. धरमसिंग ढाणकीपासून कोसभरावरच्या तांड्यातला, तिथल्याच शाळेत मास्तर. तिसरा प्रवासी त्याचा बाप, धावजीबाबा. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला आणि उजवं अंग पार गेलं. त्यांना घरातून निंबाच्या सावलीत आणायला दोन माणसं लागत. अशा माणसाला आम्ही समुद्रावर नेणार होतो.

याला कारण होतं. धावजीबाबांचे आजे-पणजे लदेणीवर जायचे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या, इकडून धान्य न्यायचं, किनाऱ्यावरून मीठ आणायचं. मग रेल्वे आली, बैल नांगराला लागले आणि त्या घरातला समुद्र बंद झाला. बाबांनी तो नुसता ऐकलेला. लकव्यानंतर जीभ जराशी वळायला लागली तेव्हा त्यांनी पहिली मागितली ती विडी, दुसरा समुद्र. विडी डॉक्टरनं बंद केलेली होती, म्हणून आम्ही समुद्राचं मनावर घेतलं.

धरमसिंगच्या आईला, रामीबाईला, मी याडीच म्हणायचो. तो म्हणायचा म्हणून. आमचा बेत ऐकून ती हसली नाही, हे मला जरा लागलं. तिनं तिच्या सासरची एक रीत सांगितली. लदेणी निघायच्या आधी तांड्याचा नायक सगळ्यांना बसवून अख्खी वाट बोलून दाखवायचा. मुक्काम कुठं, पाणी कुठं, चोर कुठं, असं किनाऱ्यापर्यंत. आणि तिथून पुन्हा आपल्या तांड्यापर्यंत.

"वाट आधी बोला, मंग चाला," ती म्हणाली. "अन् ज्यानं बोलाले घेतली, त्यानंच पुरी बोलाव. मधात सोडू नये."

मला हे आवडलं. नियोजन म्हणतात ते हेच, फक्त इथं फुकट होतं. धरमसिंगला दिवसभर शाळेत बोलून घरी बोलायचा कंटाळा, म्हणून नायक मी झालो. दुपारी जेवण झालं की सायकलवर तांड्यात जायचं, बाबांची खाट निंबाखाली घ्यायची, आणि रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेऊन वाट बोलायची. याडी जवळ बसून आपल्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरशाच्या काचा टाकायची. धरमसिंग वह्या तपासायचा. बाबा डोळे मिटून ऐकायचे.

पहिल्या दुपारी मी आम्हाला एस.टी.नं उमरखेडला नेलं, पैनगंगा ओलांडली, आणि नांदेडच्या फलाटावर आणून बसवलं. बाबांनी डोळे उघडले.

"गाडीले उशीर हाय," ते म्हणाले.

आम्ही इतके हसलो की याडीनं सुई बाजूला ठेवली. नांदेडला गाडीला उशीर असतो हे कळायला तिथं जावं लागत नाही, असं धरमसिंग म्हणाला. ते बरोबरच होतं.

पुढच्या बैठकीत सिकंदराबाद झालं, गुंतकल झालं. मध्येच बाबा डावा डोळा चोळायला लागले. याडीनं पदराच्या टोकानं डोळ्यातून एक काळा कण काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तिला वाटलं चुलीतलं काही असेल. मी लोखंडात वाढलेला माणूस आहे. तो दगडी कोळसा होता. तांड्यात चुली तुराट्यांवर चालतात. दगडी कोळसा सगळ्यात जवळ कुठं असेल तर रेल्वेच्या रुळावर, आणि रूळ बरेच लांब. मी तो कण फुंकून टाकला. इंजिन विनाकारण आवाज करत नाही, असं अब्बा म्हणतात. पण कारण सापडेपर्यंत गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही, असंही म्हणतात.

हुबळी, लोंढा, मग घाट. घाट मी मन लावून सांगितला. बोगदे, खाली जंगल, आणि पाऊस नुसता. आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन असं होतं की निंबाचं पानही हलत नव्हतं. संध्याकाळी धरमसिंग बापाचे पाय पुसायला बसला आणि थांबला. तळव्यांना लाल चिखल होता. आमच्या तालुक्यातली माती काळी. पायाला लागली तर चप्पल ठेवून घेते, पण लाल नाही. आणि बाबांचे पाय गेल्या उन्हाळ्यापासून जमिनीला लागलेले नव्हते.

धरमसिंगनं पाय पुसले. कापड धुवून टाकलं. मला म्हणाला, कुठल्या तरी पोरानं गेरू लावला असेल. मी म्हटलं, असेल. आम्ही दोघंही शिकलेले होतो.

त्या रात्री बाबांनी भाकर नको म्हटलं. खाऊन आलो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी याडीनं मला त्यांच्या दातात अडकलेला काटा दाखवला. मोठा, वाकडा, पांढराशुभ्र. असा काटा असलेला मासा पैनगंगेत नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण पैनगंगेत मला कुठलाच मासा कधी सापडलेला नाही.

इथं थांबायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण बाबा बरे दिसत होते. गालावर रंग आला होता. जीभ मोकळी होत होती. धरमसिंगला त्यात आनंद होता आणि मला त्यात माझी करामत दिसत होती. याडी मात्र दुपारी मला यायला उशीर झाला तर रस्त्यापर्यंत येऊन उभी राहायची.

गोवा मी मामूच्या भांडवलावर सांगितला. मामू मुंबई-पणजी बोटीवर खलाशी होता. त्याच्याकडून ऐकलेली पांढरी चर्चं, शिंपल्यांच्या खिडक्या, सायकलवर भोंगा वाजवत येणारा पाववाला, एवढं सगळं संपल्यावर मी पदरचं घालायला लागलो. म्हटलं, तिथल्या कुत्र्यांना फक्त पोर्तुगीज कळतं, त्यांना हाड म्हणून काही उपयोग नाही.

"जातेत," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "हाड म्हटलं का जातेत."

धरमसिंगच्या हातातली लाल शिसपेन्सिल तशीच राहिली.

मी समुद्र सांगितला. मला स्वतःला समुद्र माहीत नव्हता, म्हणून मी कपाशीचं फुटलेलं शेत आठवलं आणि त्याला हलायला लावलं. पांढरं, दूरपर्यंत, आणि सारखं आपल्याकडे येणारं. निंबाखाली ओला वारा आला. तेव्हा याडीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोट दाखवलं. बाबांच्या मेलेल्या उजव्या हाताची बोटं हलत होती. मिटत होती, उघडत होती, वाळू मुठीत घेऊन सोडावी तशी.

याडी रडली. धरमसिंगनं पाठ फिरवली. मीच केलं हे सगळं, असं वाटून मला इतकं हलकं झालं की नेहमीचा पांचटपणा सुचला. उठताना धरमसिंगनं विचारलं, परतीचं कधी बोलतो बे? मी म्हटलं, परतीची काय घाई, तिथंच एखादी मडम पाहून राहून जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी मला यवतमाळला धाडलं. कापसाचा हंगाम तोंडावर होता आणि एका जिनिंगचं इंजिन बसलं होतं. काम वाढत गेलं. ते इंजिनही असं की कारण सापडू देईना. मी दिवसभर त्याच्या पोटात डोकं घालून असायचो आणि गोव्याची आठवण काढायला वेळ नव्हता.

परत आलो तेव्हा ढाणकीच्या स्टँडवर धरमसिंग उभा होता. शाळा सोडून.

"बा उठून नाही राह्यला," तो म्हणाला. "तू चाल."

वाटेत त्यानं सगळं सांगितलं. मी गेलो त्या दिवसापासून बाबांनी डोळे उघडले नव्हते. उमरखेडचा डॉक्टर येऊन गेला. नाडी आहे, श्वास आहे, आजार सापडत नाही, असं म्हणाला. सापडला की कळवा, असंही म्हणाला. पाणी चमच्यानं घालावं तर ओठांतून परत येत होतं, आणि याडीनं ते चाखलं तर खारट.

खाट निंबाखालीच होती. मी आधी खाटेकडे पाहिलं, सवयीनं, यंत्राकडे पाहावं तसं. तिचा सुंभ एरवी झोळीसारखा लोंबत असायचा. तो आता ताठ होता. वर माणूस निजला होता आणि खाट नुकती विणल्यासारखी सपाट होती. बाबांच्या धोतराचा काठ ओला होता. उन्हात असूनही वाळत नव्हता, असं धरमसिंग म्हणाला.

याडीनं मला बसायला सांगितलं नाही.

"कुठं सोडलं त्याइले?"

मी सांगितलं. समुद्रावर.

"परतीचं बोललाच नाहीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी लगेच बोलायला घेतलं, पण तिनं हात वर केला. ती बाबांकडे पाहत होती. त्यांची उजवी बोटं मिटत होती, उघडत होती. चेहरा असा की कित्येक वर्षांत मी कुणाचा पाहिला नव्हता. सुखी माणूस झोपेत कसा दिसतो हे आपल्याला कुठं माहीत असतं.

"तिथं बरं वाटून राह्यलं त्याइले," ती म्हणाली. "हात चालते तिथं त्याइचा."

तांड्यात कुठंतरी जातं फिरत होतं, ते थांबलं.

"पण मले इथं एकटीले नाही जमत, पोरा. आण त्याइले."

मी बोलायला लागलो. एकही विनोद नाही. गेलो होतो तीच वाट मी आरशातल्यासारखी उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे सांगत निघालो. दुसरी येत नव्हती. बाबा, उठा. समुद्राकडे पाठ करा. वाळू झटका.

मडगाव. लाकडी बाक. गाडी लागलेली आहे, बाबा, चढा.

घाट. आता चढ. बोगदे तेच, दुसऱ्या तोंडानं.

लोंढा. हुबळी. धरमसिंगनं पाणी पुढं केलं, मी घेतलं नाही.

गुंतकलला खाट करकरली.

सिकंदराबादला सुंभ ताणला गेला आणि मधोमध जरासा खाली बसला. याडीनं पदर तोंडात धरला.

नांदेड. बाबा खोकले.

पैनगंगा. उमरखेड. ढाणकीचा स्टँड. मी आवाज चढवला नाही, पण मला माझाच आवाज लांबून ऐकू येत होता. पांदण. शाळा. निंब.

"घर आलं, बाबा," मी म्हणालो.

खाट पूर्वीसारखी लोंबत होती. धोतराचा काठ कोरडा होता. बाबांनी डोळे उघडले, निंबाकडे पाहिलं, धरमसिंगकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. स्वच्छ शब्दांत.

धरमसिंग हसला, की रडला, मला सांगता येत नाही. पाण्याचा तांब्या खाटेच्या डाव्या अंगाला असायचा, चालत्या हाताला सापडावा म्हणून. बाबांनी अंगावरून उजवा हात नेला आणि तो उचलला. उजवा. घट्ट धरला, थेंबही न सांडता प्यायले.

"याडी, हात आला," धरमसिंग म्हणाला. "बाचा हात आला."

याडीनं बाबांचा डावा हात उचलला आणि सोडला. तो पोत्यासारखा खाली पडला.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, बाजारात आपलं जनावर ओळखावं तसं. लहानपणी बैलाचं शिंग लागल्याची त्यांच्या डाव्या भुवईवरची खूण आता उजव्या भुवईवर होती. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं, मग डाव्या भुवईवरून फिरवलं, जिथं आता काही नव्हतं.

मग ती वाकली आणि त्यांच्या छातीवर कान ठेवला. डावीकडे. थांबली. डोकं उचललं, उजवीकडे ठेवलं, आणि तिथंच राहू दिलं.

बाबांनी चालत्या हातानं तिच्या केसांवरून हात फिरवला. काहून रडतेस, म्हणाले.

ती उठली. तांब्या उचलला, पुन्हा भरून आणला, आणि खाटेला वळसा घालून दुसऱ्या अंगाला ठेवला.