उजवीकडची जागा

दुपारी पप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून माझी बंदिश मी पहिल्यांदा तिथंच ऐकवली. माझी म्हणजे मी स्वतः रचलेली! राग भीमपलास, तीनताल, शब्दसुद्धा माझेच. शेंगदाण्याच्या पोत्यावर मांडी घातली, मोबाईलवर तानपुरा लावला आणि गायले. पप्पा साखरेची पुडी बांधता बांधता म्हणाले, "चांगलं हाय की."

"चांगलं म्हणजे कसं? चुकतंय कुठं ते सांगा ना."

"मला काय कळतंय शिवे? मीठ जरा कमी वाटतंय." आणि स्वतःच खो-खो हसले.

आईनं "लई गोड हाय" म्हणून भाकरी उलटली. शास्त्रीय संगीताच्या एका ग्रुपवर रेकॉर्डिंग टाकलं, तर नुसते अंगठे आले. एका काकांनी त्याखाली सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं. चूक कुणीच सांगेना. आणि चूक होती! अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत काहीतरी अडत होतं, चपलेत खडा शिरल्यासारखं. सोमवारी रेकॉर्डिंग पुण्याच्या संगीत विद्यालयात पोचायला हवं होतं. पप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा घेतलं तर जा. न्हाई तर गाण्याचं खूळ बंद, बारावीनंतर दुकानात बसायचं." हळदीच्या बरण्यांमध्ये बसलेली मी मला रोज दिसायची.

सोमेश्वर अप्पांनी चूक एका दमात सांगितली असती. अप्पा म्हणजे माझे गुरुजी. दसऱ्याच्या आधी गेले. परळीत गाणं शिकलेलं प्रत्येक पोर त्यांच्याच सतरंजीवर शिकलंय. ते तोंडानं कधी चूक सांगायचे नाहीत. आम्ही समोर बसून गायचो आणि ते तळहातानं जमिनीवर ठेका धरायचे. चुकलं की थाप थांबायची, बस्स. कुठं थांबली ते आपण ओळखायचं, सुधारायचं, पुन्हा गायचं. आणि खरोखर मनासारखं झालं, तर अप्पा डावीकडं सरकायचे, उजवीकडची जागा हातानं पुसायचे आणि तिथं दोनदा थापटायचे. म्हणजे ये, शेजारी बस. ही जागा आमच्यातल्या फक्त धनश्रीताईला मिळाली होती, आणि ती आज पुण्यात शिकतेय. मी सहावीपासून त्या दोन थापांची वाट बघत होते.

म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सरळ अप्पांकडे गेले.

आमच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग देतात, आणि तसंच बसलेलं पुरतात. अप्पांची समाधी गावाबाहेर आहे, थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात त्या बाजूला. अजून पक्कं बांधकाम नव्हतं. मातीचा चौकोन, कडेनं विटा, मधोमध बेलाचं रोप. सगळ्यावर राखेचा पातळ थर. आमच्याकडं बाभळीची पानंसुद्धा करडी असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

सोबत योगिता होती, माझी मैत्रीण. तिचे वडील हरिबा त्याच माळावर मेंढरं चारतात, त्यामुळं तिला तिथं भीती कसली ती नव्हतीच.

"मेलेल्या माणसाला गाणं ऐकवतीस? येडी हायेस का बे?"

"बसलेत ना ते? बसलेल्या माणसाला ऐकू येतं."

"मग मला बी ऐकव, मी बी बसते," म्हणून ती विटेवर बसली.

मी समोर मांडी घालून गायले. राख उडे अंगणी, कुणी न फिरके दारी. दुसऱ्या आवर्तनाला गुडघ्यांत काहीतरी जाणवलं. मंद, मातीतून वर येणारं. वाटलं, कोळशाची मालगाडी असेल. पण गाडीला सम नसते. याला होती. मी समेवर आले की ते जोरात यायचं, खालीच्या जागेवर हलकं व्हायचं. अंतरा आला. एकवार हाक दे, ऐकते मी.

थाप थांबली.

मी पुन्हा गायले. पुन्हा तिथंच थांबली.

योगितानं वाकून मातीवर तळहात ठेवला. मी तिसऱ्यांदा सुरू केलं, आणि तिनं हात झटकन उचलला. ओढणीला पुसला. मग परत पुसला.

"शिवानी, गाऊ नको."

"तुलापण कळलं?"

"चल म्हणते ना!"

शनिवारी तिचा फोन आला. "बाबांची मेंढरं त्या माळाला पाय लावंनात. तू कावून जातीस तिकडं? दुसरं कुणी न्हाई का तुला?"

"नाही!" मी ओरडलेच. "चूक सांगणारं दुसरं कुणीच नाही गं मला!"

ती हळूच म्हणाली, "मला तर गाणं आवडलंय तुझं."

तेच तर. सगळ्यांना आवडलं होतं.

रविवारी दुपारी एकटी गेले. कोमल निषाद लांबवून पाहिला. गंधारावरून वळसा घेऊन पाहिला. ओळ आधी उचलून पाहिली, उशिरा उचलून पाहिली. थाप दर वेळी तिथंच थांबायची. घसा सोलवटून निघाला. शेवटी मातीवर डोकं टेकवून रडले. "अप्पा, सांगा ना! उद्या शेवटची तारीख आहे. मला दुकानात नाही बसायचं."

लांब मालगाडीचा भोंगा.

आणि मग उमगलं. सूर नव्हता चुकत. शब्द चुकत होता! 'ऐकते'मध्ये अक्षरांची गर्दी व्हायची, समेवर टेकायला श्वासच उरायचा नाही. तिथं हलका शब्द हवा. मी अर्थाचा विचारसुद्धा केला नाही. जो बसला तो घातला.

एकवार हाक दे, येते मी.

थाप थांबली नाही.

काय सांगू काय वाटलं! ओळ पाखरासारखी उडाली आणि समेवर अलगद बसली. रेकॉर्डिंग सुरू केलं, सबंध बंदिश गायले, आणि थाप शेवटपर्यंत सोबत राहिली.

मी थांबले. तीही थांबली.

मग दोन थापा आल्या. आधीच्या जागेवरून नाही. जरा बाजूला.

मी रडत-हसत नमस्कार केला आणि घरापर्यंत पळत सुटले. संध्याकाळीच रेकॉर्डिंग पाठवलं.

सोमवारी शाळेआधी पेढे घेऊन गेले.

बेलाचं रोप मधोमध नव्हतं. डावीकडं होतं. एकही पान सुकलेलं नव्हतं, रोपाभोवतीची माती उकरलेली नव्हती. डाव्या कडेच्या विटा बाहेर ढकलल्यासारख्या तिरक्या झाल्या होत्या.

उजवीकडं जमीन खचली होती. गोलसर, उथळ. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी.

सगळीकडं राख होती. तिथं नव्हती. तिथं कुणीतरी हातानं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ काळी माती होती.

पेढे कुठं ठेवले ते आठवत नाही.

काल पुण्याहून फोन आला. रचना आवडली, विशेषतः अंतऱ्याचा शेवट. गुरुवारी या आणि समोर बसून हीच बंदिश गा. पप्पांनी गिऱ्हाइकांना साखर वाटली. "शिवे, एकदा म्हण की सगळ्यांना," म्हणाले. मी घसा बसलाय म्हणाले.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. सगळं ऐकून योगिता म्हणाली होती, 'येते' म्हणू नको, जुनाच शब्द गा, कुणाला कळतंय? खरंच, पुण्यात कुणाला कळणार होतं? दार लावून स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले. तानपुरा लावला. स्थायी म्हटली, अंतरा उचलला, आणि शेवटी जुना शब्द घातला.

एकवार हाक दे, ऐकते मी.

फरशीखालची थाप थांबली.