तलैयाचे साक्षीदार

"विनता, खुंट्या! लाल खुंट्या! आपल्या तलैयात!" शकु धापा टाकत ओरडली.

सुट्टीला जबलपूरहून सिहोऱ्याजवळ मामांकडे आलेली विनता आणि तिचा धाकटा भाऊ अच्युत तिच्यामागे धावत सुटले. उन्हाने भेगाळलेल्या त्या छोट्या तळ्याच्या काठी तुळशीराममामा, म्हणजे शकुचे बाबा, डोक्याला हात लावून बसले होते. पावसाळ्यात याच पाण्यात ते शिंगाडे लावत.

"पाऊस लहरी झाला, म्हणून सरकारी लोक पाणी धरणाऱ्या जमिनी राखायचा नकाशा करून राहिले," मामा म्हणाले. "अन् आपली तलैया त्यात पडीक लिहिली! भराव टाकून गोदाम बांधतील. हरकत घ्यायचा उद्या शेवटचा दिवस."

"मागच्या सावनात एवढा पाऊस कोसळला, तो हिनंच पोटात घेतला ना? नाहीतर आपलं घर बुडालं असतं!" शकुचे डोळे भरून आले.

विनताचं डोकं भडकलं. तिने एक ढेकूळ लाथाडलं. ते फुटलं आणि आतून चार-पाच गोल गोटे घरंगळले.

"गोटे नाही गं, घोंघे आहेत, पाण्यातल्या गोगलगायी!" शकु म्हणाली. " चिखलात दार लावून झोपतात. पाणी लागलं की उठतात."

"किती वेळात?"

"एका रात्रीत!"

"अच्युत, बादली आण!"

पहाटे विनताने बादलीत डोकावलं, तर एकही हलला नव्हता. पण आता माघार कसली!

सुनावणी शाळेच्या ओसरीवर होती. मुलं बादलीसकट तिथे पोचली. "मी स्वतः पाहिलं. थेंबभर पाणी नव्हतं!" नकाशा करणारे श्यामसुंदर साहेब घाईत म्हणाले.

"कधी पाहिलंत, साहेब?" विनताने विचारलं.

"गेल्या आठवड्यात."

"म्हणजे भर मे महिन्यात! साहेब, आत्ता सुट्टीत ही शाळाही रिकामी आहे. हिलाही पडीक लिहाल का?"

लोक खो खो हसले. तेवढ्यात अच्युत किंचाळला, "दीदी, उठले!"

बादलीच्या काठावर तीन घोंघे ऐटीत चढत होते! "हे तलैयाच्याच चिखलात झोपले होते, साहेब!" विनता म्हणाली. अच्युतने एक उचलून थेट नकाशावर ठेवला. घोंघा सावकाश निघाला आणि 'पडीक' या शब्दावर ओली रेघ ओढून गेला.

साहेबांनी चष्मा काढला. "चुकलो, बेटा. कागद पाहिला, जमीन पाहिलीच नाही." त्यांनी तो शब्द खोडून 'तलैया, राखीव' असं लिहिलं, खाली सही ठोकली. "खुंट्या उपटा!"

"शाबास, पोरांनो! मी हात टेकले होते, तुम्ही नाही टेकले," मामा म्हणाले.

संध्याकाळी मामींनी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा केला. चुलीत लाल खुंट्या मस्त जळत होत्या!