दात दिसता कामा नयेत

परवाना कचेरीच्या दारातलं फोटोचं यंत्र त्या सोमवारी बंद पडलं नसतं, तर क्रेनवाला समोरच्या दुकानात शिरलाच नसता, आणि सरकारचा बराच वेळ वाचला असता.

"स्टुलावर बसा. हनुवटी वर. तोंड बंद," कॅमेऱ्यामागून फोटोवाली म्हणाली. कपाळावर आलेली बट तिने फुंकरीने उडवली. बट पुन्हा तिथेच आली.

क्रेनवाला हसला.

"हसायचं नाही. नियम आहे."

"हसत नाहीये. चेहराच असा आहे."

क्लिक.

मंगळवारी तो फोटो घेऊन परत आला. खिडकीतल्या साहेबांनी लाल फुली मारली होती : 'दात दिसतात.' परदेशी कामगाराने परवान्यावर गंभीर दिसावं असा कायदा आहे. तो इथे मजेत आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

बुधवारी दुसरी फुली.

"या, बत्तिशी," ती म्हणाली. "आज किती दिसले?"

"चारच. सुधारणा आहे."

"थट्टा सुचतेय? परवाना कधी संपतोय?"

"शुक्रवारी. नवा मिळाला नाही तर शनिवारी विमानात बसवतील."

"मग हसता कशाला?"

"तुम्ही समोर उभ्या राहता कशाला?"

फोटोवालीने लेन्स पुसायला घेतली. ती सकाळीच पुसलेली होती.

गुरुवारी शेवटची संधी. "तुमच्या मुकादमाला आठवा," ती म्हणाली. त्याने आठवलं, आणि मुकादमाचं पोट आठवून आणखीच हसला. "दाढदुखी आठवा." तरी ओठ हलले.

शेवटी तिने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. "बरं, ऐका. मालकीणबाई महिनाअखेर दुकान बंद करताहेत. माझाही कामाचा परवाना आहे, या दुकानाच्या नावावर. दुकान गेलं, की मीही गेले. मायदेशी. परत."

त्याचा चेहरा उतरला.

क्लिक.

"झालं," ती हळूच म्हणाली. "अगदी कायदेशीर चेहरा."

"फोटोसाठी म्हणालात ना — हे?"

"नाही हो."

शुक्रवारी साहेबांनी फोटोचं कौतुक केलं आणि तीन वर्षांचा परवाना दिला. क्रेनवाल्याने तो सोमवारी क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून चाळीस मीटरवर, मागच्या बारीक अक्षरांसकट वाचला. आणि जेवणाची सुट्टी होताच शिडीवरून असा उतरला, की मुकादमाला वाटलं, कुठेतरी आग लागली.

हेल्मेटसकट तो दुकानात घुसला. "कलम अकरा!"

"काय झालं? पुन्हा फुली?"

"दुसऱ्या परवान्यावर जोडीदाराला इथे राहता येतं. पहिल्यावर नाही. माझा हा दुसरा. आणि जोडीदाराला काम करायला कुठल्याही दुकानाचं नाव लागत नाही."

फोटोवालीने हात कमरेवर ठेवले. "मागणी घालताय, की कायदा शिकवताय?"

"मागणी... कायदा नसता तरी घातली असती. फक्त वर्षभर धीर गोळा करत बसलो असतो. आता महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे."

ती बट उडवायलाही विसरली.

"अर्जाला दोघांचा एकत्र फोटो लागतो," तो घाईघाईने म्हणाला. "हसतानाचा. नातं खरं वाटलं पाहिजे, असं छापलंय."

"म्हणजे आता हसायचंच?"

"नियम आहे."

तिने कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर लावला आणि स्टुलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर येऊन टेकली. लाल दिवा लुकलुकू लागला. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं — हेल्मेटखाली घाम, ओठ गच्च मिटलेले. एक दात दिसेल तर शपथ.

"अहो बत्तिशी, हसा की!"

"आधी... उत्तर."

चार... तीन...

"हो रे, हो! आता तरी हस!"

क्लिक.

लग्नाच्या दाखल्यासोबत तो फोटो खिडकीवर गेला. साहेबांनी लाल पेन उघडलं, बराच वेळ पाहिलं, आणि बंद केलं. दात चौसष्ट होते. फुली मारायला जागाच नव्हती.